पायडलाची कुरकुर

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, ज्या घरांत पहाटे उठून सायकलीवर लांबची फेरी मारणारा एखादा तरुण आहे, त्या घरांतील मंडळींस आजच्या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. फाटकाशीं ‘कुर्र, कुर्र’ असा आवाज आला कीं स्वारी परत आली हें स्वयंपाकघरांत कळतें आणि चहाचें आधण चढतें. आमच्या घरीं हा प्रकार सुमारें दोन महिने चालला होता. माझा नातू दर रविवारीं पुण्याहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. सायकल चांगली, हलकी, तिच्यावर त्याचा जीव. पण डावा पाय खालीं दाबला कीं ती तक्रार करी. पायडलाच्या एका फेऱ्यास एक कुरकुर. तो सपाटीवर मिनिटास नव्वद फेरे मारतो. म्हणजे तासाभरांत ५,४०० वेळां ती त्याच्या कानीं पडे. चढणीनें मनुष्य थकत नाहीं इतका अशा आवाजानें थकतो.

माझें सायकलीचें ज्ञान जुन्या काळचें. आमच्या तरुणपणीं काळी, दणकट सायकल असे आणि तिच्या पायडलाची दांडी कॉटर-पिन नांवाच्या पाचरीनें आंसास बसविलेली असे. ती पाचर सैल झाली कीं प्रत्येक फेऱ्यास ‘टक्’ असा आवाज येई. दुकानदार तिच्यावर हातोडीचे दोन घाव घाली आणि पुढें महिनाभर शांतता. बाकीच्या सर्व आवाजांस एकच औषध, तें म्हणजे तेल. तेंच मीं नातवाच्या सायकलीस दिलें. आवाज थांबला, मला धन्यता वाटली. आठ दिवसांनीं तो पुन्हां सुरू झाला. मीं पुन्हां तेल दिलें. या तेलाचा परिणाम काय झाला तें पुढें सांगेन. तूर्त एवढेंच सांगतों कीं, त्यापायीं मुलाचा हात मोडावयाचा तो थोडक्यांत वांचला.

हीं नवीं पायडलें ज्यांनीं पाहिलीं नसतील त्यांच्यासाठीं प्रथम त्यांचें थोडें वर्णन केलें पाहिजे. यांस इंग्रजींत ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिप नसलेलीं, असें म्हणतात. आणि मौज अशी कीं, बुटास घट्ट पकडून ठेवणारीं पायडलें तीं हींच! या विसंगतीचें कारण जुनें आहे. पूर्वीं शर्यतीच्या सायकलींस पायडलापुढें पोलादी कमान असे व तिच्यांतून कातडी पट्टा ओवलेला असे. पाय त्या कमानींत घालावयाचा आणि हातानें पट्टा आंवळावयाचा. त्या कमानीस क्लिप म्हणत. ती गेली, म्हणून नवें पायडल ‘क्लिपलेस’ झालें. जी वस्तु उरली नाहीं तिच्यावरून नांव पडलें आणि तेंच टिकलें.

कमान व पट्टा यांत मोठी अडचण ही कीं, पडतांना पाय सुटत नसे. १९७१ मध्यें इटलींतील चिनेल्ली या सायकली करणाऱ्या कारखान्यानें बूट अडकविणारें एक पायडल काढलें. परंतु त्यांतून पाय काढावयाचा तर खालीं वांकून हातानें दांडा सरकवावा लागे. तें फारसें चाललें नाहीं यांत नवल नाहीं. खरी युक्ति आली ती बर्फावरून. फ्रान्समधील लुक ही कंपनी मूळची स्कीच्या फळ्यांस बूट अडकविण्याचे खटके करणारी. बर्फावर मनुष्य कोलमडला तर पाय मुरगळण्यापूर्वीं बूट आपोआप सुटला पाहिजे, हाच त्या खटक्यांचा उद्देश. ती विद्या तिनें १९८४ मध्यें सायकलीच्या पायडलास लावली आणि पुढच्याच वर्षीं, १९८५ मध्यें, बर्नार इनो या फ्रेंच वीरानें अशा पायडलांवर तूर द फ्रान्स ही थोर शर्यत पांचव्यांदां जिंकली. मग कातडी पट्टे मागें पडावयास वेळ लागला नाहीं. १९९० मध्यें जपानच्या शिमानो कंपनीनें लहान पोलादी तुकडा बुटाच्या तळव्यांत खोल बसविण्याची पद्धत काढली. त्यामुळें तोच बूट घालून चालतांही येऊं लागलें आणि हीं पायडलें शर्यतीबाहेरच्या माणसांपर्यंत पोंचलीं.

यांची रचना अशी. पाऊल जेथें फुगीर असतें त्याच्या खालीं, बुटाच्या तळव्यास, क्लीट नांवाचा एक तुकडा बोल्टांनीं बसविलेला असतो. पायडलावर पुढें एक ओठ आणि मागें एक जबडा असतो. जबड्यास स्प्रिंग असते. क्लीटचें नाक ओठाखालीं घालून पाय दाबला कीं जबडा मागें सरतो, क्लीट आंत बसतो आणि ‘खट्’ असा आवाज होतो. हा आवाज मात्र हवाहवासा. तो आला नाहीं तर पाय नीट बसला नाहीं असें समजावें. सुटावयाचें असेल तेव्हां टांच बाहेरच्या बाजूस वळवावयाची. बुटाबरोबर क्लीट वळतो, त्याची कड जबड्यास ढकलते आणि पाय मोकळा होतो. हें वळविणें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. माझ्या हकीकतीचें मर्म त्यांतच आहे.

या क्लीटांच्या ढोबळ मानानें दोन जाती आहेत. रस्त्यावरील शर्यतीचे क्लीट बहुधा प्लॅस्टिकचे, मोठे, तीन बोल्टांचे. डोंगरी वाटांचे व प्रवासाचे क्लीट पोलादाचे, लहान, दोन बोल्टांचे. माझ्या नातवाचे दुसऱ्या जातीचे आहेत.

आतां आवाज कां होतो तें पाहूं. फळ्यावर लिहितां लिहितां खडू एकाएकीं किंचाळतो आणि सारा वर्ग कानांवर हात ठेवतो, हा अनुभव शाळेंत गेलेल्या प्रत्येकास आहे. तेथें घडतें तें असें. खडू फळ्यास क्षणभर धरून राहतो. हात पुढें लोटीत असतो, त्यामुळें ताण वाढतो. ताण पुरेसा झाला कीं खडू सुटून किंचित् पुढें उडी घेतो आणि पुन्हां धरून राहतो. थांबलेली वस्तु हलविण्यास जो जोर लागतो, त्यापेक्षां ती हलूं लागल्यावर घसरत ठेवण्यास कमी जोर पुरतो, या घर्षणाच्या नियमामुळें ही धर-सोड होते. ती सेकंदांत शेंकडों वेळां झाली कीं कानांस तो स्वर वाटतो. सारंगीवाला गजास राळ लावतो तो हीच धर-सोड चांगली व्हावी म्हणून. सारंगींत जी गोष्ट कलावंत मुद्दाम करतो, तीच दाराची बिजागरी व सायकलीचें पायडल आपण होऊन करतात, एवढाच भेद.

म्हणजे कुरकुरीस तीन गोष्टी लागतात. एकमेकांस टेकलेले दोन पृष्ठभाग, त्यांच्यावर दाब, आणि त्यांची अगदीं थोडी हालचाल. पायडलापाशीं दाबाचा तोटा नाहीं. चढावर मनुष्य उभा राहिला कीं त्याचा सारा भार एका पावलावर येतो. राहिली हालचाल. येथें मला जी गोष्ट दोन महिने सुचली नाहीं ती सांगतों. सायकलीचे कांहीं सांधे हलण्यासाठींच केलेले आहेत आणि कांहीं मुळींच हलूं नयेत म्हणून आंवळलेले आहेत. पहिल्या जातीचा सांधा कुरकुरला तर तो कोरडा पडला आहे, त्यास वंगण द्यावें. दुसऱ्या जातीचा सांधा कुरकुरला तर तो सैल झाला आहे, त्यास आंवळावें. सैल सांध्यांत तेल सोडलें तर आवाज बंद पडतो, पण हालचाल चालूच राहते. नव्हे, अधिक सुखानें चालते. किडलेल्या दाढेवर लवंगेचें तेल लावावें तसा हा उपाय.

यासाठीं आवाज कोणत्या सांध्याचा हें प्रथम ठरविलें पाहिजे, आणि तें दिसतें तितकें सोपें नाहीं. सायकलीचा सांगाडा म्हणजे पोकळ नळ्यांची जुळणी. तंबोऱ्याच्या तारेचा नाद जसा भोपळ्यांतून येतो, तसा एका टोंकाचा आवाज या नळ्यांतून दुसऱ्याच टोंकाशीं निघतो. पायडलाचा म्हणून ज्या आवाजावर आपण तासन् तास घालवतों तो कित्येकदां सीटच्या दांडीचा निघतो. म्हणून कान लावून बसण्यापेक्षां परीक्षा घ्यावी. सायकल वेगांत असतां पाय थांबवावे. आवाज चालूच राहिला तर तो चाकाचा, पायडलाचा नव्हे. सीटवरून उठून उभ्यानें पायडल मारावें. आवाज नाहींसा झाला तर सीटकडे पहावें. मग एका वेळीं एकाच पायानें जोर करून पहावा. एवढ्यावरून बाजू कळते. त्यानंतर, रहदारी नसलेल्या जागीं, साधी चप्पल घालून त्याच पायडलावर जोर द्यावा. कुरकुर गेली तर ती बुटाची किंवा क्लीटची. राहिली तर ती पायडलाची किंवा त्याच्या पलीकडची. तशींच पायडलें वापरणारा मित्र असेल तर अर्धा तास पायडलांची अदलाबदल करावी आणि आवाज कोणाच्या घरीं जातो तें पहावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा नियम मीं विज्ञानाच्या तासाला मुलांना वर्षानुवर्षें सांगितला. आणि नातवाच्या सायकलीपुढें बसल्यावर मात्र कुपी घेऊन दिसेल त्या फटींत तेल सोडलें!

आतां एकेक जागा घेऊं. पहिली जागा क्लीट व पायडल यांच्या भेटीची. हा सांधा हलण्यासाठींच आहे. गुडघ्यास त्रास होऊं नये म्हणून बहुतेक क्लीट पायडलांत थोडे फिरूं शकतात. शिमानोच्या रस्त्यावरील क्लीटांत लाल रंगाचा मुळींच फिरत नाहीं, निळा दोन अंश फिरतो आणि पिवळा सहा अंश. प्रत्येक फेऱ्यास टांच किंचित् आंतबाहेर होते आणि प्लॅस्टिक पायडलाच्या पाठीवर घासतें. मध्यें धूळ किंवा वाळलेला चिखल आला कीं कुरकुर ठरलेली. यावर पहिला उपाय ओलें फडकें. क्लीट, ओठ, जबडा, पायडलाची पाठ स्वच्छ पुसावी व कोरडी करावी. पुष्कळदां तेवढ्यानेंच काम होतें. न झालें तर ज्या ठिकाणीं घांसून चकाकी आलेली दिसते तेवढ्याच जागीं, वाळल्यावर कोरडें राहणारें मेणाचें वंगण किंवा थोडें सिलिकोन लावावें. सिलिकोनचा फवारा सायकलीवर मारूं नये. तो फडक्यावर घ्यावा आणि फडक्यानें लावावा. त्याचे तुषार ब्रेकच्या चकतीवर किंवा चाकाच्या धांवेवर गेले तर ब्रेक लागावयाचे नाहींत. यंत्राचें जाड तेल प्लॅस्टिकच्या क्लीटास लावण्यांत अर्थ नाहीं. त्यास रस्त्याची सारी धूळ चिकटते, आणि घरांतील फरशीवर उमटणाऱ्या काळ्या ठशांविषयीं गृहिणीचें जें मत असतें तें येथें सांगण्याची जरूर नाहीं. पोलादी क्लीटांस मात्र टेंकणाऱ्या कडांवर व स्प्रिंगेवर तेलाचा एक थेंब देऊन उरलेलें पुसून काढावें.

क्लीट झिजलेला असेल तर मात्र वंगणाचा उपयोग नाहीं. झिजलेला प्लॅस्टिकचा क्लीट जबड्यांत डुलतो, आवाज करतो आणि भलत्याच वेळीं सुटतो. कांहीं क्लीटांवर झीज दाखविणारी रंगाची खूण असते. ती पुसली गेली कीं क्लीट बदलावा. जे लोक असे बूट घालून फरशीवर व डांबरी रस्त्यावर हिंडतात त्यांचे क्लीट सायकलीवर झिजत नाहींत इतके चालतांना झिजतात.

दुसरी जागा क्लीट आणि बुटाचा तळवा यांच्या मधली. ही मुळींच हलूं नये. आमचा आवाज येथला होता.

पावसाळ्याचे दिवस होते. क्लीटच्या बोल्टांत रेती गेली होती आणि बोल्ट हळूहळू ढिले होत होते. पाय दाबला कीं क्लीट तळव्याखालीं केसाइतका सरके व कुरकुरे. मीं सोडलेलें तेल पायडलावरून क्लीटखालीं झिरपलें, रेती त्यांत भिजली आणि आवाज थांबला. बोल्ट मात्र ढिले होतच राहिले. एका रविवारीं परत येतांना सिग्नलपाशीं नातू थांबला. नेहमींप्रमाणें त्यानें डावी टांच बाहेर वळविली. बूट वळला, पण पाय सुटेना. त्यानें अधिक वळविली. बूट जवळजवळ आडवा झाला, तरी सुटेना. सायकल थांबलेली, पाय अडकलेला. तो डाव्या अंगास कोंपरावर पडला. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानें वेळेवर ब्रेक लावला, त्याचे आम्हीं उपकार मानतों. मुलानें बसल्या जागीं बुटाचे बंद सोडून पाय बाहेर काढला. बूट पायडलासच लटकत राहिला व त्याच स्थितींत सायकल घरीं आली. जबड्याच्या स्प्रिंगेचा ताण सैल करून आणि पकडीनें क्लीट फिरवून तो काढला तेव्हां नातू म्हणाला, “आजोबा, दोन बोल्ट असतात, त्यांतला एक नाहींच!”

त्या एका वाक्यांत सारा उलगडा झाला. दोन बोल्ट असतात तोंवर बूट वळला कीं क्लीटही वळतो. एक गळून पडला कीं उरलेला बोल्ट खिळीसारखा होतो. बूट त्याच्याभोंवतीं फिरतो आणि क्लीट आपल्या जागीं जबड्यांत तसाच बसून राहतो. टांच कितीही वळवा, जबड्यावर जोर येतच नाहीं. जी हालचाल पाय सोडविण्यासाठीं आहे तीच व्यर्थ होते. दोन महिन्यांची ती कुरकुर या एका बोल्टाची सूचना होती, आणि ती मीं दोनदां तेल घालून बंद केली होती. मुलाचें कोंपर पंधरा दिवसांत बरें झालें. मला मात्र त्या कुपीकडे पाहवेना.

आतां या जागेचें काम कसें करावें तें जरा विस्तारानें सांगतों. क्लीट काढण्यापूर्वीं त्याच्या कडेनें तळव्यावर पेन्सिलीनें रेघ ओढावी, म्हणजे पुन्हां त्याच जागीं बसवितां येतो. तो दोन-तीन अंशांनीं तिरपा बसला तरी गुडघा दुखूं लागतो. मग क्लीट, चकत्या आणि तळवा यांवरील रेती ब्रशानें झाडून, तेल पडलें असल्यास साबणाच्या पाण्यानें धुवून कोरडें करावें. बोल्टांच्या आट्यांस थोडें ग्रीस लावावें. येथें कोणी म्हणेल, सैल सांध्यास वंगण नको असें आतांच सांगितलें आणि लगेच ग्रीस कसें? ग्रीस आट्यांसाठीं आहे, क्लीट व तळवा यांच्या मध्यें नव्हे. कोरडा बोल्ट आट्यांतच अडकून घट्ट झाल्याचा भास होतो. ग्रीस असलेला बोल्ट खरोखरीच शेवटपर्यंत आंवळला जातो आणि पावसांत गंजत नाहीं. शिमानोच्या दोन-बोल्टी क्लीटांस ५ ते ६ न्यूटन-मीटर इतका पीळ सांगितलेला आहे. सामान्य भाषेंत, दहा सेंटिमीटर लांबीच्या किल्लीच्या टोंकास पांच-सहा किलो वजन टांगावें तेवढा. दोन्ही बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे आंवळावे. पहिल्या फेरीनंतर पुन्हां एकदां किल्ली लावून पहावी, कारण क्लीटचे दांत तळव्यांत रुतून बसले कीं बोल्ट किंचित् ढिले होतात. त्यानंतर महिन्यांतून एकदां, आणि पावसाळ्यांत दर आठवड्यास, किल्ली लावावयाची असा आमच्या घरीं आतां परिपाठ आहे.

बूट स्वतःही कुरकुरतो. आंतला गादीचा तुकडा घामानें ओला होऊन कडक तळव्यावर घासतो. तो काढून वाळवावा व खालीं चिमूटभर टाल्कम पावडर टाकावी.

तिसरी जागा पायडलाचा आंस जेथें दांडींत, म्हणजे क्रँकमध्यें, शिरतो ती. हीही हलूं नये अशीच. येथें आट्यांची एक गंमत आहे. आजच्या सायकलींत हा आंस बहुधा ९/१६ इंच जाडीचा व इंचास २० आट्यांचा असतो. परंतु उजव्या पायडलाचे आटे नेहमींसारखे आणि डाव्याचे उलटे. विमानापूर्वीं अमेरिकेंतील डेटन गांवीं सायकलींचें दुकान चालविणाऱ्या राइट बंधूंनीं १९०० मध्यें आपल्या सायकलींचीं पायडलें अशा उलटसुलट आट्यांचीं असल्याची जाहिरात केली होती. कारण पहावयाचें असेल तर मुठींत काठी सैल धरून तिचें वरचें टोंक दुसऱ्या हातानें वर्तुळांत फिरवावें. काठी मुठीच्या आंतल्या कडेवर लोळत स्वतःभोंवतीं उलट दिशेस फिरूं लागते. पायडलावरील पायाचा भार आंसास याच रीतीनें फिरवीत असतो, आणि दोन्ही बाजूंस तो घट्ट होण्याच्या दिशेनें फिरावा म्हणून ही योजना. हें ठाऊक नसल्यामुळें डावें पायडल काढतांना कित्येक जण तें सर्व शक्तीनें आंवळीत बसतात. सोपी खूण अशी कीं, आंसाची वरची बाजू पुढच्या चाकाकडे फिरली कीं दोन्ही पायडलें घट्ट होतात आणि मागच्या चाकाकडे फिरली कीं सुटतात.

आंस पोलादी आणि दांडी बहुधा अल्युमिनियमची. आटे कोरडे असले तर दर फेऱ्यास ‘टक्’ किंवा ‘कर्र’ असा आवाज निघतो. घामाचें मीठ व पावसाचें पाणी मुरलें तर दोन्ही धातु एकमेकांस असे धरतात कीं पुढें पायडल निघतच नाहीं. याहून वाईट म्हणजे पायडल सैल राहणें. पोलादी आंस डुलत राहिला तर मऊ अल्युमिनियमचे आटे कुरतडून टाकतो आणि दांडी बदलण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. तिची किंमत पायडलाहून पुष्कळदां अधिक असते. उपाय अर्ध्या तासाचा आहे. १५ मिलिमीटरचा पाना, किंवा आंसास मागून षट्कोनी खांच असेल तर ६ किंवा ८ मिलिमीटरची किल्ली घेऊन पायडल काढावें, दोन्हींकडचे आटे ब्रशानें स्वच्छ करावे, भरपूर ग्रीस लावावें, प्रथम बोटांनींच फिरवून आटे सरळ धरले आहेत याची खात्री करावी आणि मग आंवळावें. सुमारें ४० न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोंकास तेरा-चौदा किलोंचा जोर, पुरे होतो.

चौथी जागा पायडलाच्या पोटांतली. येथें छर्रे असतात आणि हा सांधा फिरण्यासाठींच आहे. पायडल बोटांनीं फिरवून पहावें. रेती दळल्यासारखें लागलें तर आंत पाणी गेलें आहे. आडवें हलवून खुळखुळलें तर छर्‍यांचा मेळ ढिला झाला आहे. बाहेरून तेल सोडून येथें कांहीं साधत नाहीं. उलट तेल आंतलें ग्रीस धुवून काढतें. पायडल उघडून, छर्रे पुसून, नवें ग्रीस भरून मेळ बसवावा लागतो. कांहीं पायडलांत छर्‍यांची बंद डबी असते. ती उघडत नाहींत, बदलतात. ज्याच्या हातास या कामाची संवय नाहीं त्यानें तें चांगल्या कारागिराकडे सोंपवावें आणि आपण कोणकोणत्या परीक्षा घेतल्या तें त्यास सांगावें. नुसतें ‘आवाज येतो’ असें सांगितल्यास तोही प्रथम तेलाचीच कुपी उचलील.

एवढें करूनही आवाज राहिला तर तो पायडलाचा नव्हे असें समजावें. दांत्यांच्या चक्राचे बोल्ट, दोन दांड्यांना जोडणारा मधला आंस, सीटची दांडी आणि तिची पकड, हॅंडलाचा सांधा, मागच्या चाकाची पकड, या क्रमानें पहात जावें. मधल्या आंसाचें काम मोठें असतें, म्हणून तें उगाच उघडूं नये. बाहेरचे बोल्ट आंवळून झाल्यावरच तिकडे वळावें.

आमच्या सायकलीस गेल्या आठवड्यापासून एक नवी ‘टक-टक’ लागली आहे. उभें राहिलें कीं ती थांबते, तेव्हां बहुधा सीटच्या दांडीची असावी. नातवानें तेल मागितलें. कुपी माझ्या पेटींत आहे आणि पेटीची किल्ली माझ्या जानव्यास. रविवारीं दांडी बाहेर काढून, पुसून, पकडीचा बोल्ट पाहून झाल्यावर काय तें ठरवूं, असें मीं त्यास सांगितलें आहे.